वाजणाऱ्या हार्ड डिस्कची नक्कल

पहिलंच सांगतो, भुताबितांचं मला कधी काही वाटलं नाही. कारण अळणावरजवळच्या आमच्या गावात जे भूत होतं, ते मीच होतो. शाळेत असताना फणसाच्या झाडामागं बसून बाईच्या आवाजात कण्हायचो... आमच्या हेडमास्तरांनी त्यापायी रस्ता बदलला होता. सांगायचं एवढंच, की आवाज कुणाचाही असो, मी काढतो. रिक्षा, कुकर, कंडक्टर, मालक — सगळे.

आता हुबळीत लॅमिंग्टन रोडला लागून एक गल्ली आहे, तिथं पहिल्या मजल्यावर कॉम्प्युटर रिपेरीच्या दुकानात मी बसतो. मालक शिवाप्पाअण्णा धारवाडला, सुभाष रोडच्या दुकानात. हार्ड डिस्क वाजायला लागली की ती कशी वाजते त्यावरून अण्णा रोग सांगतात. पण फोनवर तो आवाज जातच नाही, हल्लीचे फोन असली खटखट गाळून टाकतात. मग अण्णा म्हणतात, करून दाखव. मी तोंडानं करून दाखवतो — टिक-टिक-घर्रर्र. तिकडून अण्णा : हेड गेलं. नाहीतर : मोटर जाम. सहसा चुकत नाहीत. आमच्या दोघांची ही पद्धतच आहे.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी प्रकाश नावाचा एक माणूस सीपीयू घेऊन आला. चाळिशीचा, शांत, इस्त्रीचा शर्ट. बायको जिन्यावरून पडून वारली, तीन महिने झाले, म्हणाला. मशीन तिचं. चालू केलं की आतून कुणी ठोकल्यासारखं वाजतं आणि पोरगी घाबरून पलंगाखाली जाते. डेटा काही नको, सगळं पुसून टाक, आवाज तेवढा बंद झाला पाहिजे. संध्याकाळी येतो म्हणून गेला.

दुपारी तीनच्या सुमाराला वनिता आली. ती त्या बायकोची धाकटी बहीण. तिला कुठून तरी कळलं होतं मशीन इथं आलंय ते. तिनं सांगितलं, अक्का कामावर जायची, म्हणून पोरीसाठी गोष्टी रेकॉर्ड करून ठेवायची. त्या फक्त या डिस्कवर आहेत. पोरगी चिनू, पाच वर्षांची. आई गेल्यापासून एक शब्द बोललेली नाही. डॉक्टर झाले, देव झाले. आईचा आवाज कानावर पडला तर बोलेल, एवढीच आता आशा.

"दादा, पुसू नका हो. एक गोष्ट निघाली तरी बास."

मी म्हटलं बघू की, त्यात काय. डिस्क बाहेर काढून टेबलावर जोडली.

धप्. धप्. मग घर्रर्र... जड काहीतरी फरशीवरून ओढत न्यावं तसं. मग एकदम शांत. आणि मग — धाड.

असली वाजणारी डिस्क मी ऐकली नव्हती. अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, आधी वायर काढ, फिरवत बसलास तर आहे ते पण जाईल. वायर काढली. आता करून दाखव.

मी सुरू केलं. धप्. धप्. घर्रर्र. शांत. धाड. एकदा झालं, दोनदा झालं... आणि माझं तोंड थांबेना. मस्करी नाही करत. मी थांबायला बघतोय आणि तोंड आपलं चालूच. अण्णा फोनवर साकु साकु म्हणतायत, म्हणजे बास कर रे. पाचव्यांदा 'धाड' झालं आणि माझ्या तोंडातून एका बाईचा आवाज आला. दमलेला, हळू.

"अहो, चिनू उठलीय. दार तरी लावा."

वनिताच्या हातातली पर्स खाली पडली. "अक्का," एवढंच म्हणाली ती, आणि माझ्याकडं नाही, माझ्या ओठांकडं बघत राहिली.

आणि दारात प्रकाश उभा होता. संध्याकाळी येणार होता, लवकर आला होता.

तो सरळ आत आला. पहिला ठोसा नाकावर. दुसरा दातांवर. मग कॉलर धरून मला फरशीवरून ओढत नेलं, माझ्या बुटांच्या टाचा घासत होत्या... घर्रर्र. मग थांबला. श्वास घेतला. मला वाटलं संपलं. आणि मग त्यानं माझं डोकं लोखंडी रॅकवर आपटलं.

धप्, धप्, घर्रर्र, शांत, धाड. तोच क्रम. आणि परत पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी मला माहीत होतं पुढं काय येणार, आणि ते मारापेक्षा वाईट होतं. "कुणी सांगितलं तुला," प्रत्येक वेळी तो एवढंच विचारत होता. वनितानं कीबोर्ड त्याच्या पाठीत दोन तुकडे होईपर्यंत हाणला. शेवटी खालच्या दुकानातल्या चौघांनी येऊन त्याला ओढून काढला.

नाक मोडलं, दोन दात गेले, ओठाला सात टाके. पहिले तीन-चार दिवस फक्त मुक्या माणसाची मिमिक्री करत होतो. मला मारल्याची केस झाली. त्याची बायको जिन्यावरून पडली नव्हती, याला पुरावा म्हणून पोलिसांना काय सांगू? माझ्या तोंडातून कोण बोललं ते? वनिता मात्र त्याच दिवशी चिनूला आपल्या घरी घेऊन गेली.

अण्णांनी नंतर डिस्क उघडली. चकतीवरचा थर पार खरवडून गेला होता. एक पण गोष्ट निघाली नाही. अण्णा अजून म्हणतात, मार चालू होता तेव्हा फोनवर त्यांना डिस्कचं ठोकणं स्वच्छ ऐकू येत होतं. वायर काढलेली होती. आणि फोनवर तो आवाज जात नाही, हे त्यांनीच मला शिकवलंय.

टाके निघायच्या आदल्या दिवशी वनिता चिनूला घेऊन दुकानात आली. म्हणाली, डिस्क गेली तर गेली, तुम्हीच तो आवाज काढा, एकदाच. मी घरी किती वेळा करून बघितलं होतं, तो आवाज काही येत नव्हता. तरी पोरीकडं बघून नाही म्हणवेना. आधी रिक्षा केली, कुकर केला. चिनू हसली, पण आवाज न करता. मग मी डोळे मिटले, श्वास घेतला, तोंड उघडलं...

एक छोटा हात माझ्या टाक्यांवर येऊन बसला. घट्ट.

"नको," चिनू म्हणाली.

तीन महिन्यांनंतरचा पहिला शब्द. तो आवाज काढायला मी अजून हूं की चूं केलं नव्हतं. तिला माझ्या तोंडातून काय येताना दिसलं, कुणाला माहीत असेल तर सांगा. चिनूला मी विचारणार नाही.