काका मेले नाहीत, गाण्यात मेले होते

आधी खुलासा. नित्याचे बाबा, म्हणजे माझे सख्खे काका, एकदम ठणठणीत हायत. आजूबाजूच्या गावांतून अजून फोन येतायत, पुण्याला गेलेल्यांचे येतायत, एकानं तर थेट सुरतवरून विचारलं. म्हणून सगळ्यांना एकदाच लिहितो.

आम्ही गाव सोडलं ते गवताच्या गाठींवर बसून. भात निघालं होतं, गवताची पिकअप भिवंडीच्या तबेल्याकडं चालली होती, ड्रायव्हर ओळखीचा. मी आणि माझा चुलतभाऊ नित्या वर चढलो. आई रडत होती, काकी रडत होती. काका गाठींची दोरी ओढून बघत होते. म्हणाले, "गवात पाडू नका." बस. हाच निरोप. पोरं पडली तर चालतील. मी वरूनच त्यांची नक्कल केली, तर रडता रडता काकीला हसू फुटलं.

भिवंडीजवळ दापोड्यात गोडाऊनला लागलो. मी स्कॅनिंगला, नित्या पॅकिंगला. गावी बैलाला हाक मारायचो, इथं बारकोडला मारतो, तो पण पहिल्या हाकेला ऐकत नाही. गावी कोण कुठं आहे ते सांगावं लागत नव्हतं. इथं पाणी प्यायला गेलं तरी सुपरवायझर विचारतो, "किधर था?" महिन्याभरात मी त्याचा आवाज असा उचलला की मागून "टारगेट किधर है?" म्हटलं की आख्खी लाइन हात चालवायला लागायची.

नित्याला मात्र रॅपर व्हायचं होतं. नाव घेतलं एमसी निखारा. टेमघरला एका खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून सोनूभाईनं स्टुडिओ काढलाय, तिथं पहिलं गाणं केलं. भिवंडीच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. आम्ही दोघांनी लूमला कधी बोट लावलेलं नाही. गाण्यात होतं, संडेला लूम बंद, पोटात आग. आमच्या बाजूच्या खोलीतले चाचा लूमवर म्हातारे झालेत. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, लूम जुम्मे को बंद रहता है. तेरा कौन सा मुलुक है?" आख्खी चाळ हसली.

सोनूभाई म्हणाला, "पब्लिक को रियल मंगता है. कुछ पर्सनल डाल. दर्द वाला." आता नित्याच्या आयुष्यात दर्द म्हणजे पॅकिंगच्या टेपनं बोटं कापतात, तो. तो गाण्यात बसेना. मग त्यानं बाप मारला. "बाप मर गया भूखा, पर बेटा झुका नहीं." व्हिडिओत डोळ्यात पाणी वगैरे. आणि काय सांगू, चाललं! गोडाऊनमधली पोरं त्याला चहा पाजायला लागली. ज्या सुपरवायझरला त्याचं नाव माहीत नव्हतं तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाई, तूने बहुत देखा है." मी बाजूलाच होतो. स्कॅनिंग करत राहिलो.

शाळेत मी हेडसरांची नक्कल करायचो तेव्हा पोरं हसायची, कारण खरे सर व्हरांड्यात उभे दिसायचे. नित्याच्या नकलेतला खरा माणूस इथं कुणी पाहिलेलाच नव्हता.

गावात मात्र पाहिलेला होता. शेजारच्या गावातल्या आत्याच्या सुनेनं ते गाणं मोबाइलवर लावलं. आत्याला हिंदी जेवढं कळतं तेवढ्यात "बाप मर गया" बसतं. तिनं काकांना फोन लावला, तो बंद. काकांचा फोन चार्जिंगला लागला तर बातमी होते. मग आत्यानं पिठलं केलं, भाकऱ्या थापल्या. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारपाजार नाहीतर नातेवाईक कडू घास घेऊन जातात, ते तुम्हाला माहीतच आहे. रिक्षातून उतरल्यापासून ती हंबरडा फोडत आली. अंगणात काका विळ्याला धार लावत बसलेले.

"कोन गेला गं?" त्यांनी विचारलं.

"तूच की रं!"

मग काय, भाकरी वाया कशाला घालवायची? स्वतःच्या मयताचं पिठलं काकांनी स्वतःच खाल्लं. वर म्हणाले, मीठ कमी हाय.

मग आत्याच्या फोनवरून त्यांनी नित्याला फोन केला. आमची जेवणाची सुट्टी होती, फोन स्पीकरवर.

"मी मेलो म्हनं. कशानं रं?"

"भुकेनं," नित्या हळूच म्हणाला.

"मंग भात काय कोंबड्यांनी खाल्ला?"

मी हसलो. नित्या नाही हसला. काका म्हणाले, "मेलो तर मेलो. पन मी मेलो तवा तू कुठं व्हतास? त्ये काय गाण्यात न्हाय."

फोन ठेवला. नित्यानं डबा झाकला.

संध्याकाळी तो टेमघरला गेला. सोनूभाईला म्हणाला, गाणं काढून टाक. सोनूभाई म्हणाला, पागल आहेस का, दसऱ्याला मानकोलीच्या मोठ्या गोडाऊनला पूजेचा प्रोग्राम आहे, तुला बोलावलंय ते याच गाण्यासाठी. नित्या तिथंच बसून राहिला, गाणं निघेपर्यंत.

दसऱ्याला तो स्टेजवर चढला. खालून पोरं ओरडत होती, "बाप मर गया! बाप मर गया!" त्यानं आपल्या बोलीत सुरू केलं:

"बाप जिता हाय, बांधावर उभा हाय,
इचारतो येशील कवा, कापनी आली हाय.
मी म्हनतो बघतो, बाबा, ड्युटी लय हाय,
बघतो म्हनतो रोज, पन जात मातर न्हाय."

एक शिट्टी पडली नाही. यूपीच्या पोरांना कळलं नाही. आमच्याकडची पोरं खाली बघायला लागली. माझ्या बाजूचा पॅकर म्हणाला, "ह्ये कशाला आठवन करून दिलीन ह्यानं." सोनूभाईचं मत, दर्द कमी पडला.

दोन आठवड्यांनी नित्यानं कापणीसाठी सुट्टी मागितली. मिळाली नाही. तरी तो गेला. परत आला तर त्याच्या टेबलावर दुसरा पोरगा टेप फाडत होता. आता रोज सकाळी कामासाठी गोडाऊनच्या गेटागेटावर उभा राहतो.

मला विचाराल तर आमच्यासाठी घर म्हणजे आता एवढंच: जिथं जायला सुट्टी मागावी लागते ती जागा. आधी आम्ही तिथं नुसते असायचो.

परवा मी त्याला म्हटलं, "निखारा, आता खरा स्ट्रगल झाला. ह्याच्यावर गाणं कर. हिट हाय."

तो हाताला पडलेले विळ्याचे घट्टे सोलत होता.

"गप ए," म्हणाला. "मी काय गाण्यासाठी गेलो न्हवतो."