डीव्हीडीवाल्याचं अस्वल

नवी पेठेतल्या डीव्हीडीवाल्यानं मला फसवलं. नातीच्या आवडत्या चित्रांच्या पुस्तकावर सिनेमा निघाला होता, त्याची डीव्हीडी मी त्याच्याकडून घासाघीस करून घेतली. लावून दाखवल्याशिवाय तो गिऱ्हाइकाला माल देत नाही. त्याच्या टीव्हीचा आवाज कधीचा गेलाय, म्हणून सगळ्या प्राण्यांचं तो स्वतःच बोलतो. पडद्यावर अस्वल आलं, तसा त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि गाल फुगवून गरजला, "कुटं चाललीस गं चिमणे? हितं ये की! लई भूक लागलीय!" नात हसून हसून खाली बसली.

घरी ते अस्वल गोड हिंदीत बोललं. नात म्हणाली, "आजोबा, हे खोटं अस्वल आहे."

मी तावातावानं दुकान गाठलं. तो म्हणाला, "मालक, डबीवर माझा आवाज लिवलाय व्हय?" आणि पुन्हा गाल फुगवले. भांडायला गेलो होतो, पोट धरून हसत परतलो.

आता रोज टीव्ही मुका करून मीच गाल फुगवतो. नात म्हणते, "तुम्हाला नाही जमत."

दाखवला एक माल, दिला दुसरा. याचा जाब त्यानं द्यायलाच हवा, माझ्या घरी येऊन, नातीसमोर, अस्वलाच्या आवाजात.