रणबहाद्दर कुठल्या गावचा?

आमचे मेव्हणे, म्हणजे माझ्या बायकोचे थोरले बंधू, यांच्याइतकं रोज आणि जीव तोडून खोटं बोलणारा माणूस सोलापुरात दुसरा झाला नसेल. आणि एवढं करून ज्याच्या शब्दावर निम्मं शहर विश्वास ठेवत होतं, असाही दुसरा झाला नसेल. सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. दिवसा ते भवानी पेठेतल्या एका सुताच्या दुकानात कामाला होते. तिथं ते इतकं खरं बोलत की मालक कपाळाला हात लावी. "ह्ये सूत तुटतंय बगा, दुसरं न्या," असं गिऱ्हाइकाला सांगणारा नोकर कुणाला परवडेल? खोटं ते सगळं संध्याकाळसाठी राखून ठेवायचे. गिरणीचा भोंगा झाला की गळपट्टा गुंडाळून ते मैदानातल्या सिनेमाच्या तंबूकडे निघत. तेव्हा चित्रं मुकी होती. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवायची आणि ती काय बोलताहेत, ते पडद्याशेजारी वेताची छडी घेऊन उभे असलेले अण्णा सांगायचे.

गळपट्ट्याविषयी सांगायलाच हवं. सोलापूरचा मे महिना ज्यानं काढलाय त्यालाच त्यातली गंमत कळेल. उघड्या अंगानं ओट्यावर बसून लोक पंख्यानं वारा घेत असायचे, आणि त्यांच्यासमोरून अण्णा तांबडा लोकरीचा गळपट्टा तीन वेढे गुंडाळून घाम टिपत जायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "गळा माजा न्हाय, रणबहाद्दरचा हाय. मी नुस्ता सांबाळतोय." त्या गळ्यापायी त्यांना ताक वर्ज्य, माठातलं पाणी वर्ज्य, लोणचं तर फारच वर्ज्य. आमच्याकडे जेवायला आले की लोणच्याच्या बरणीकडे मात्र इतका वेळ बघत राहायचे की बायको शेवटी बरणी फडताळात ठेवून द्यायची.

आता हा रणबहाद्दर कोण? तर कुणीही. विलायती चित्रातला जो कुणी घोड्यावरून उडी मारील, डोळ्यांपुरती भोकं ठेवलेली काळी पट्टी तोंडावर बांधून छपरांवरून पळेल, एका हातानं दहा जणांना लोळवील, तो रणबहाद्दर. मूळ चित्रात त्याचं नाव काय, तो कुठला, याच्याशी अण्णांना कर्तव्य नव्हतं. मधे मधे इंग्रजी अक्षरांची पाटी यायची. अण्णांना इंग्रजी अजिबात येत नव्हतं, पण पाटी आली की ते छडी फिरवून ती गंभीरपणे वाचत. मी पडलो शाळामास्तर. एकदा न राहवून म्हणालो, "अण्णा, पाटीवर फक्त 'तीन दिवसांनंतर' एवढंच होतं. तुम्ही रणबहाद्दरच्या आईचं सबंध मरण सांगितलंत!" अण्णा शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, तीन दिवसांत माणूस मरत न्हाय व्हय?"

रणबहाद्दरचं गाव रोज बदलायचं. खेळाआधी अण्णा तंबूत एक नजर टाकत. शेतकऱ्यांची पागोटी जास्त दिसली तर तो जवळच्या वळसंग गावचा. विणकर मंडळी जास्त असली तर त्याचा बाप तेलंगणातून माग खांद्यावर टाकून आलेला. अक्कलकोटकडचे लोक असले की शत्रूला तो "बारप्पा, बा!" म्हणून कानडीत बोलवायचा, आणि पुढच्या रांगेत टांगेवाले बसले असले तर "आव मियाँ, दो हात हो जाव!" एकदा वळसंगचा एक म्हातारा शेतकरी खेळ संपल्यावर अडून बसला. "आमच्या गावचा म्हन्ता, मग कुनाच्यातला त्ये तरी सांगा की." अण्णा क्षणभरही थांबले नाहीत. "येशीभाईर सापडल्यालं प्वार त्ये. घरोघरी जेवून वाढलं. आता कुनाच्यातला म्हनू?" म्हातारा विचारात पडला आणि म्हणाला, "मंग आमच्यात बी जेवला आसंल." समाधानानं घरी गेला.

मला मात्र समाधान नव्हतं. चळवळीचे दिवस होते. मी खादी वापरू लागलो होतो आणि खादीबरोबर थोडा ताठाही आला होता. देश पारतंत्र्यात असताना हा रणबहाद्दर वाटेल त्याला वाचवत हिंडतो, याचा मला राग यायचा. मी अण्णांना सुनावलं, "वीराला आधी देश हवा. जो सगळ्यांचा तो कुणाचाच नाही." एवढ्यावर न थांबता मी दोन पानी भाषण लिहून त्यांच्या हातात ठेवलं. आणि इथंच माझं चुकलं. बहिणीच्या नवऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. मी काट्यावर बसा म्हटलं असतं तरी ते "बसतो की" म्हणाले असते. आठ दिवस सुताच्या गठ्ठ्यांआड बसून त्यांनी ते भाषण पाठ केलं.

नवव्या दिवशी नवं चित्र लागलं, त्यात एक जाडजूड विलायती सरदार होता, रणबहाद्दरचा वैरी. त्या सरदाराच्या वाड्याला आग लागली. माडीच्या खिडकीत त्याची चारपाच वर्षांची पोर रडत उभी. रणबहाद्दर घोडा फेकत आला आणि फाटकाशी थबकला. अण्णांनी छडी उंचावली आणि माझं भाषण सुरू केलं. "ही तलवार माझ्या मायभूमीची आहे! परक्यांच्या घरादाराशी तिला कर्तव्य नाही! जळू दे हा वाडा!" तंबू टाळ्यांनी हादरला. माझी छाती फुगली. पुढं चित्रात काय आहे हे मीच काय, अण्णांनीही पाहिलेलं नव्हतं. रणबहाद्दरनं घोड्यावरून उडी टाकली आणि तो सरळ आगीत शिरला.

टाळ्या थांबल्या. "अण्णा, ह्यो कुटं निगाला?" कुणीतरी ओरडलं. अण्णा गप्प. इतक्या वर्षांत पडद्याशेजारी ते कधी गप्प झाले नव्हते. यंत्राची कटकट तेवढी ऐकू येत होती. त्यांनी अंधारात माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मला तरी तसं वाटलं, आणि मी मान खाली घातली. इतक्यात बायकांच्या बाजूनं, कनातीपलीकडून, एक विणकरीण कळवळून ओरडली, "लेकरू हाय की त्ये!"

अण्णांची छडी पुन्हा वर गेली. "व्हय माय, लेकरूच हाय! देशासाटी निगालो हुतो, वाटंत लेकरू रडलं. आता रडनं कुटल्या देशाचं त्ये इच्यारत बसू? वैऱ्याशी उद्या लडीन. लेकरू उद्यापतुर न्हाय ऱ्हायाचं!" रणबहाद्दर पोरीला छातीशी धरून बाहेर आला तेव्हा तंबूत जो गलका उठला, तसा मी नंतर कुठल्याही सभेत ऐकला नाही. मीही उभा राहून ओरडत होतो. माझं भाषण त्यात कुठल्या कुठं वाहून गेलं.

पोलिसांनी मात्र पहिला भाग तेवढा ऐकला होता. दुसऱ्या दिवशी अण्णांना बोलावून विचारलं, भाषण लिहून कुणी दिलं? लिहिणारा सापडता तर त्याची मास्तरकी गेली असती, कदाचित तुरुंगही. अण्णांनी उत्तर दिलं, "रणबहाद्दरनं." तीन वेळा विचारलं, तीन वेळा तेच. शेवटी खुळा म्हणून त्यांना सोडून दिलं, आणि तंबूच्या मालकानं भीतीनं त्यांची पडद्याशेजारची जागा काढून घेतली. मी माफी मागायला गेलो तर मलाच म्हणाले, "पाव्हणं, भाषा लई सुद्ध हुती तुमची. पन त्यो तसा बोलत न्हाय, मी आदीच सांगाया पायजे हुतं." आपली जागा गेल्याचं दुःख त्यांनी बोलून दाखवलं नाही. गळपट्टाही सोडला नाही. मालक पुन्हा बोलावील, गळा तयार हवा, असं म्हणत ते आणखी दोन उन्हाळे घामाघूम होत राहिले.

मग बोलपट आला. मीच त्यांना घेऊन गेलो. पडद्यावरचा वीर स्वतःच्या तोंडानं बोलत होता, गातही होता. अण्णा पुढं वाकून ऐकत होते. त्यांचा उजवा हात मधूनच वर उठायचा, ओठ हलायचे आणि पुन्हा मिटायचे. मी दिसत नसल्यासारखं केलं.

परत येताना विचारलं, "कसा वाटला?"

"ब्येस हाय," अण्णा म्हणाले. बरंच चालल्यावर हळूच पुढं बोलले, "पन एकाच गावचा हाय हो बिचारा."

घरी आल्यावर बायकोनं पानं वाढली. अण्णांनी गळ्याभोवतीचे तीनही वेढे सावकाश सोडले, गळपट्ट्याची नीट घडी केली, ती फडताळात ठेवली आणि तिथली लोणच्याची बरणी स्वतःच्या हातानं खाली काढली. इतकी वर्षं त्या गळपट्ट्याला मी हसत आलो होतो. बाहेर मे महिना तापलेला होता, आणि त्यांचा उघडा गळा मला बघवत नव्हता.