अप्पांच्या नावावरचे सहा डीबी

हे मी अकरा वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, बरोबर काम करणाऱ्यांना नाही. गेल्या रविवारी एका माणसाला सांगितलं — ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यालाच. आता तुम्हाला सांगतो. एकदा तोंड उघडल्यावर हे वाटलं होतं तितकं जड नाही, हेही त्यातच कळलं.

आधी थोडं कामाबद्दल. केसाएवढ्या काचेच्या तारेतून आम्ही एका गावाहून दुसऱ्या गावाला प्रकाश नेतो. वाटेत तो झिजतो. दर किलोमीटरला थोडा, जिथं दोन तारा जोडल्या त्या प्रत्येक जॉइंटला थोडा, दोन्ही टोकांना थोडा. या झिजेला लॉस म्हणतात आणि ती डीबीत मोजतात. किती लॉस होणार ते आधी कागदावर मांडायचं, मग प्रत्यक्ष मोजायचं. कागदावर दहा आणि मोजणीत साडेदहा आले तर ठीक. कागदावर दहा आणि मोजणीत सोळा आले, तर कुणीतरी काम बिघडवलं — असं आपण म्हणतो. कुणीतरी. त्या ‘कुणीतरी’मध्ये आपण स्वतःला कधी धरतो का?

वाशीहून परंड्याकडं चाळीस किलोमीटरची लाइन होती. कागद माझा होता. जॉइंट अप्पांचे.

अप्पा म्हणजे सिद्रामप्पा, लोहाऱ्याकडचे. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. गळ्यात लिंग, खिशात एक लहान डायरी. सकाळी पूजा झाल्याशिवाय तारेला हात लावायचे नाहीत, आणि तार जोडायच्या मशीनमध्ये ठेवताना श्वास रोखून धरायचे. त्या वेळी कुणी बोललं तर वर न बघता म्हणायचे, “जरा गप बसा की. तुमच्या बोलण्याचा वारा लागतोय तिला.” आम्ही हसायचो. पण त्यांचे जॉइंट तपासायची गरज नसते, असं सगळेच मानायचे. मीही मानायचो. हे लिहून ठेवतो, कारण पुढं जे केलं ते मला माहीत नव्हतं म्हणून केलं नाही.

मोजणीच्या दिवशी मी वाशीच्या टोकाला प्रकाश सोडायचं यंत्र घेऊन बसलो. ठेकेदाराचे मॅनेजर परंड्याला मीटर घेऊन. माझ्या कागदावर दहा होते. मॅनेजर फोनवर म्हणाले, “सोळा.”

सहा डीबी जास्त. म्हणजे पोचायला हवा त्याच्या एक चतुर्थांशच प्रकाश पोचत होता. कुठला जॉइंट खराब आहे ते नेमकं दाखवणारं मोठं यंत्र त्या आठवड्यात दुसऱ्या जिल्ह्यात गेलेलं. मॅनेजरनी विचारलं, “तुमचं गणित बरोबर आहे ना?” मी कागद पुन्हा तपासला. बेरीज बरोबर होती, गुणाकार बरोबर होता. मी म्हणालो, “गणित पक्कं आहे. जॉइंट बघायला लागतील.”

अप्पा माझ्यासमोरच होते. त्यांनी डायरी काढली. प्रत्येक जॉइंटचा आकडा त्यांनी टिपून ठेवलेला होता.

“सायब, मशीन तर लई कमी लॉस दाखवतंय की. हे बघा, एक बी जाईंट वाईट न्हाय.”

“अप्पा, मशीन फक्त अंदाज सांगतं,” मी म्हणालो.

हे खरं आहे, बरं का. मशीन अंदाजच सांगतं. खरं वाक्य वापरून माणसाला खोटं पाडता येतं, हे मी त्या दिवशी शिकलो. अप्पांनी डायरी मिटली. चष्मा काढून डोळे चोळले. आणि हळूच म्हणाले, “डोळ्याचंच काय झालं असंल मग.”

इथवर चूक होती. चूक कुणाकडूनही होते. पण मी सांगायला बसलोय ते पुढचं.

अप्पांना घरी पाठवलं. दुसरा माणूस आला, त्यानं तीन जॉइंट तोडून नव्यानं केले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा वाशीला यंत्र सुरू केलं, आणि त्याच्या छोट्या पडद्यावर आकडा दिसला — तेराशे दहा.

आमच्याकडं दोन प्रकारचा प्रकाश वापरतात, तेराशे दहा आणि पंधराशे पन्नास. डोळ्यांना दोन्ही दिसत नाहीत. पहिला वाटेत जास्त झिजतो, दुसरा कमी. माझा कागद पंधराशे पन्नासचा होता. आणि यंत्र? यंत्र सुरू केलं की आपोआप तेराशे दहावर येतं, बटण दाबून बदलावं लागतं. पहिल्या दिवशी मी बटण दाबलंच नव्हतं. पायाखालची जमीन सरकली म्हणतात तसं काही झालं नाही. मी मनातल्या मनात गुणाकार केला, बस. तेराशे दहाला चाळीस किलोमीटरला सोळाच यायला हवे होते. अप्पांचा एकही जॉइंट गळत नव्हता.

मी बटण दाबलं. परंड्याहून मॅनेजर ओरडले, “आले! दहा आले! बघा, माणूस बदलला आणि लॉस गेला!”

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं — बटण माझं चुकलं होतं. मी म्हणालो, “हो.”

एवढंच. हो.

त्या ‘हो’नं अप्पांच्या नावावर सहा डीबी लागले. ठेकेदार एकमेकांना फोन करतात. सिद्रामप्पाचे जॉइंट गळतात, डोळे गेले त्याचे — हे महिनाभरात सगळीकडं झालं. त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. मी वर चढत गेलो. नवीन लोकांना शिकवायला लागलो. दर वेळी सांगायचो, आधी बटण बघा, मग कागद बघा. गेल्या आठवड्यात एकीनं विचारलं, “सर, अशी चूक खरंच कुणी केलीय का?” मी म्हणालो, “केली होती एकानं.”

एकानं! स्वतःच्या तोंडचा तो शब्द ऐकला आणि दोन रात्री झोप लागली नाही. रविवारी लोहाऱ्याची एसटी धरली.

अप्पा मुलाच्या बियाण्यांच्या दुकानात बसलेले. एक गिऱ्हाईक पुडीवरची तारीख विचारत होतं, आणि अप्पांनी चष्मा असूनही आत हाक मारली, “सूनबाई, जरा वाच गं हे.” सून आली, वाचून गेली. मला वाटत होतं, त्यांना खरं काय ते माहीत असेल, माझा राग धरून बसले असतील. तसं नव्हतं. त्यांनी माझा आकडा खरा मानला होता. सोलापूरला जाऊन तीनदा डोळे तपासले होते. डॉक्टर काही नाही म्हणाले तरी यांचा विश्वास बसला नव्हता.

मी कागद काढला आणि सगळं सांगितलं. बटण, गुणाकार, आणि ते ‘हो’. त्यांनी मला पुन्हा मांडायला लावलं. चाळीस किलोमीटर, जॉइंट, दोन टोकं. आकडा सोळावर आला तेव्हा त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

“म्हंजे जाईंट चांगले व्हते?”

“सगळे चांगले होते.”

“आन् तुमाला तिसऱ्या दिशीच कळलं व्हतं.”

“हो.”

या वेळचा हो मी त्यांच्याकडं बघून म्हणालो.

अप्पांनी बोट उचललं. मग शेल्फावरची एक पुडी घेतली, उजेडाकडं धरली आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागले — मोठ्यानं, एकेक शब्द, तारखेसकट. एकही चुकलं नाही. पुडी जागेवर ठेवली. “जावा आता,” माझ्याकडं न बघता म्हणाले. “गाडी चुकंल.”

त्यांनी चहा विचारला नाही. मीही थांबलो नाही.

काल मॅनेजरना आणि आमच्या कामातल्या सगळ्यांना तो कागद पाठवला — दोन्ही गणितं शेजारी-शेजारी, कुणाची चूक ते लिहून, खाली माझी सही. मग जेवलो आणि गाढ झोपलो. वाशी ते परंडा लाइनवर, तोडलेले तीन सोडले तर, अप्पांचे बाकीचे सोळा जॉइंट अजून तसेच आहेत. चांगले आहेत.