ऋषिपंचमीची घोळ

वनस्पतिशास्त्रात मी पहिल्या वर्गात एम.एस्सी. झाले होते. लग्न होऊन भांडुपला आले, तेव्हा सासूबाईंनी हे सगळ्या मजल्याला सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ऋषिपंचमीच्या सकाळी त्या म्हणाल्या, "जा गो, मागसून घोळ घेवन ये," तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

गणपती गावच्या घरी असल्यामुळे पुरुष मंडळी मालवणला गेलेली. सासूबाई गुडघ्यामुळे मागे राहिल्या आणि त्यांच्यामुळे मी. त्या दिवशी त्या बैलाच्या कष्टाचं काही खात नसत, आपसूक उगवलेलंच खात. आमच्या बिल्डिंगमागे घोळ ही रानभाजी उगवायची ती तबेल्याच्या शेणावर. पण तिथे बैल नव्हते, म्हशी होत्या, आणि म्हशींबद्दल शास्त्र गप्प होतं.

घोळ मला चांगली ठाऊक होती. म्हणजे वाळलेली, कागदावर चिकटवलेली, खाली लॅटिन नाव लिहिलेली. चिखलात मात्र सगळंच हिरवं आणि पसरट होतं. मी विद्वत्तेच्या जोरावर पिशवी भरली.

सासूबाईंनी ती पाटासमोर उपडी केली. एकेक काडी मोडायची, बोटांत चोळायची. चिकट लागली की बाजूला.

"ह्या काय हाडलंस? ह्येतसून दूध येता. घोळीक दूध नसता. कालेजात काय शिकयल्यानी तुका?"

अर्धी पिशवी बाद झाली. मला भयंकर राग आला. सकाळपासून उपाशी असलेल्या बाईला व्रतामुळे माझ्या हातचं काही चालत नाही, चहासुद्धा नाही, आणि वर ही परीक्षा! लालसर देठाची, जाड पानांची, कोणालाही ओळखता येईल अशी घोळसुद्धा त्या मोडूनच बघत होत्या. हा सरळसरळ माझा अपमान होता.

पिशवीच्या तळाला राहिलेली, कालच्या बाजारातली कोथिंबिरीची एक काडीही त्या ढिगात पडली होती. ती त्यांच्या हाताला लागली. त्यांनी तीही मोडली. चोळली. मग नाकाशी नेली आणि बाजूला ठेवली.

माझा राग जागच्या जागी विरला.

"आई, तुम्हाला दिसत नाही?"

 त्या दाराकडे तोंड करून हळूच म्हणाल्या, "कोणाक सांगा नको. गुडग्याचा सांगलंय काय लोका बसाक पाट देतत. डोळ्यांचा सांगलंय काय चूल काढून घेतत."

मला स्वतःची लाज वाटली. खोबरं खवून झालं होतं, मिरची ठेवलेली होती, फक्त घोळ चिरायची राहिली होती. त्यांनी विळीसाठी हात पुढे केला.

मी विळी त्यांच्याकडे सरकवली, आणि त्यांची बोटं पात्यापाशी पोचेपर्यंत श्वास रोखून बसले.