शेऱ्याचा रकाना

बारामतीत भिगवण रोडला, खतं-बियाण्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. आम्ही गाईम्हशींसाठी एक ॲप चालवायचो. शेतकऱ्यानं त्यात आपलं जनावर फोटोसकट नोंदवायचं, आजारी पडलं की डॉक्टर घरी बोलवायचा, आणि जनावर गाभण राहावं म्हणून भरवलं की ती तारीख टाकायची. मग गाभण तपासणी कधी, दूध काढणं बंद करून आटवायचं कधी, व्यायला कधी येईल, याच्या सूचना आपोआप मोबाइलवर यायच्या. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पुण्यातली नोकरी सोडून घरी आले होते, आणि गावात मिळाली म्हणून ही धरली. गुराढोरांतलं मला काही कळत नव्हतं. वडील शिक्षक, आमच्याकडे दूध पिशवीतूनच यायचं.

रुजू झाल्यावर चार दिवसांत सरांनी मला समोर बसवलं. कंपनी त्यांचीच होती. शांत माणूस, आवाज कधी चढायचा नाही.

"लोक ॲप उघडतात एवढं कळतं," ते म्हणाले. "उघडून काय करतात ते कळत नाही. सोडून का जातात तेही नाही. काय काय मोजायचं याचा एकदा नीट आराखडा कर."

ते काम मला येत होतं. मी एक तक्ता उघडला. एका ओळीत एक घटना: जनावर नोंदवलं, डॉक्टर बोलावला, भेट पूर्ण झाली, सूचना गेली, सूचनेवरून ॲप उघडलं. प्रत्येक घटनेसमोर, ती कशासाठी मोजायची आणि तिच्यावरून काय ठरवायचं. ज्याच्यावरून काहीच ठरणार नाही ते मोजायचं नाही, हा मी पुण्यात शिकलेला नियम. त्यामुळे तक्ता फार वाढला नाही. अठ्ठावीस ओळी झाल्या. मला त्याचा अभिमानही वाटला.

लोक ॲप कसं वापरतात ते बघायला मी दोन आठवडे तात्यांच्या मागं मोटारसायकलवर फिरले. तात्या सरकारी दवाखान्यातून पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. आमच्या भेटींपैकी इंदापूरकडच्या निम्म्या तेच करायचे. गोठ्यात शिरायच्या आधी चप्पल बाहेर काढायचे आणि जनावराशी आधी बोलायचे, मग मालकाशी.

कळंबच्या एका गोठ्यात पन्नाशीच्या एक बाई होत्या. दोन गाई, एक म्हैस. मुलगा चाकणला कंपनीत, मोबाइल त्यानंच घेऊन दिलेला, ॲप तात्यांनी टाकून दिलेलं. मी त्यांना म्हटलं, मावशी, तुम्ही एरवी कसं वापरता तसंच वापरून दाखवा. त्यांनी पदराला हात पुसले, ॲप उघडलं आणि तांबड्या गाईचा फोटो मला दाखवला.

"ही गाभण हाय," त्या म्हणाल्या. "तिसरा म्हैना. हितं लिवून येतं बगा."

मी वहीत लिहिलं: नोंदीपर्यंत सहज पोचतात.

परत येताना तात्यांनी जंक्शन नावाच्या गावी चहासाठी गाडी थांबवली.

"म्याडम, एक इचारू का? तुमच्या त्या यादीत, जनावर मेलं तर कुठं लिवायचं?"

"आता तुम्ही कुठं लिहिता?"

"शेऱ्यात. भेट संपली की खाली रिकामी जागा येती ना, तितं."

शेरा म्हणजे मोकळा मजकूर. कुणी तिथं 'ताप उतरला' लिहायचं, कुणी 'मालक घरी नाही', कुणी नुसती एक रेघ. असला मजकूर मोजता येत नाही, म्हणून मी माझ्या तक्त्यात त्याच्यासमोर 'मोजण्याजोगं नाही' असं लिहून टाकलं होतं. मी तात्यांना म्हणाले, "बघू, दुसऱ्या टप्प्यात घेऊ." त्यांनी मान हलवली. चहा संपवला आणि गाडीला किक मारली.

आराखडा मंजूर झाला. महिनाभरात ऑफिसातल्या प्रोग्रामिंगच्या मुलांनी तो ॲपमध्ये बसवला आणि आकडे यायला लागले. सगळेच खूश होते. दर सोमवारी भिंतीवर पडदा लावून मी अहवाल दाखवायचे. तीन-चार महिने गेल्यावर अशाच एका सोमवारी सरांनी मला मध्येच थांबवलं.

"हे खातं बघा. गेले पंचवीस दिवस एकही दिवस चुकलेला नाही. सूचना गेली की पाच मिनिटांत उघडतात. असे शेतकरी आपल्याला पाहिजेत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू जाऊन ये. दोन मिनिटांचा व्हिडिओ कर. बाकीच्यांना दाखवता येईल."

मी खातं उघडून गाव बघितलं. कळंब. फोटो त्याच तांबड्या गाईचा होता. खाली जिन्यात तात्या भेटले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, उद्या तुमच्या कळंबच्या मावशींकडे जायचंय, येता का?

"तितं कशाला?"

मी कारण सांगितलं. तात्यांनी जिन्याचा कठडा धरला.

"म्याडम, ती गाय मेली की. लई दिस झालं. मी हुतो तितं."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"शेऱ्यात लिवलंय मी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुमी जावा. मी न्हाय येत. त्या दारात मला आता जाऊ वाटत न्हाय."

वर जाऊन मी त्या भेटीची नोंद काढली. 'भेट पूर्ण झाली' असं हिरव्या अक्षरांत होतं. पाच चांदण्या मिळाल्या होत्या. सगळ्यात खाली शेऱ्यात तात्यांनी लिहिलं होतं: गाय दगावली. सहा महिन्यांची गाभण. आमच्या अहवालात ती त्या महिन्यातल्या उत्तम भेटींपैकी एक होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच स्कूटीवर गेले. उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं. मावशींनी मला ओळखलं. गोठ्यात म्हैस होती, दुसरी गाय होती, आणि दोघींच्या मधली जागा झाडून ठेवलेली होती.

मी मोबाइल मागितला. त्यांनी तो फळीवरून काढून दिला.

"रोज सकाळी वाजतंय," त्या म्हणाल्या. "गाय आटवायला घ्या म्हंतंय. मी उगडून बगती, कुठं बंद हुतंय का. तिचा फोटू येतो वर. मग ठिवून देती."

मी ॲप उघडलं. 'आटवली' असं दाबलं असतं तर सूचना थांबल्या असत्या. पण मग महिन्याभरानं व्यायच्या सूचना सुरू झाल्या असत्या. दुसरा मार्ग जनावर काढून टाकायचा. तिथं कारण निवडावं लागायचं, आणि कारणं दोनच होती.

"मावशी, 'विकली' असं टाकते. म्हणजे बंद होईल."

"इकली न्हाय मी तिला."

"नाही, नुसतं बंद करण्यापुरतं."

"तसं लिवू नका, ताई. लोकं म्हंतील आजारी गाय कुणाच्या तरी गळ्यात मारली."

"मग दुसरं आहे, 'चुकून नोंदवली'—" मी वाचता वाचता मोबाइल खाली ठेवला.

त्यांनी मला चहा दिला. मी विचारलं नव्हतं, तरी त्या सांगायला लागल्या. दोन दिवस ताप होता. तात्यांनी सलाईन लावली आणि दिवसभर तिथंच पोत्यावर बसून राहिले. "तिनं मान टाकली तरी पोटातलं हलत हुतं," त्या म्हणाल्या आणि म्हशीपुढची वैरण उगाच सारखी करत राहिल्या. "पोरगं फोनवर म्हनलं, आई, तात्या बिचारं दिसभर बसलं, त्यास्नी पाच चांदन्या दे. त्या दिल्या."

मी मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन आमच्या ॲपच्या सगळ्या सूचना बंद केल्या. त्यांना सांगितलं की आता म्हशीच्या आणि दुसऱ्या गाईच्याही येणार नाहीत.

"चालंल. त्यांचं माज्या ध्यानात ऱ्हातं."

व्हिडिओचा विषय मी काढला नाही.

सरांना सगळं सांगितलं. "व्हिडिओ राहू दे," ते म्हणाले. पण जनावर मेल्याची नोंद ॲपमध्ये घालायला त्यांना जड जात होतं. नवीन माणसानं पहिल्याच दिवशी तो शब्द बघितला तर त्याला कसं वाटेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी 'निष्क्रिय' सुचवलं. मी तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "दगावलं म्हंत्यात. तेवडं लिवा." यात चार महिने गेले. शेवटी तक्त्यात एकोणतिसावी ओळ आली: जनावर दगावलं.

पहिल्याच आठवड्यात त्या ओळीचा आकडा वर उसळला. सरांनी मला घाईनं बोलावलं. कुठं साथ आली की काय, असं त्यांना वाटलं. साथ नव्हती. लोक जुनी जनावरं लिहीत होते. दोन वर्षांपूर्वी, आठ वर्षांपूर्वी गेलेली. आमच्याकडे कधी नोंदच नसलेल्या गाई लोक आधी नोंदवत होते आणि लगेच दगावल्या म्हणून काढत होते. शेऱ्यात लिहीत होते. 'चरताना पडली.' 'लय गरीब होती.' 'नाव लिहायला जागा नाही.' सोमेश्वरनगरच्या एकानं बैलाचा, भिंतीवरच्या फ्रेममधला फोटो मोबाइलनं टिपून ॲपवर चढवला होता.

"अशानं अहवालाचा उपयोग काय?" सरांनी विचारलं. त्यांचं चुकत नव्हतं. मी एक नियम लिहिला: जनावर आधीपासून नोंदलेलं असेल आणि ही सोय सुरू झाल्यानंतर दगावलं असेल, तरच मोजायचं. आकडा खाली आला. गाळलेल्या नोंदी एका वेगळ्या फाइलमध्ये जातात. ती मी एकदा उघडली, जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाचत बसले, आणि नंतर पुन्हा उघडली नाही.

तात्यांनी त्या उन्हाळ्यात फिरणं सोडलं. कंबर धरते म्हणाले. भांडण वगैरे काही झालं नाही.

कळंबच्या मावशींनी तांबड्या गाईची नोंद केली नाही. त्यांचं खातंच नंतर उघडलं गेलं नाही. एकदा मी फोन केला होता. मुलानं उचलला, आता मोबाइल माझ्याकडंच असतो, म्हणाला, आणि ॲप काढून टाकलंय. आईला काही निरोप द्यायचाय का, त्यानं विचारलं. नाही म्हणून मी फोन ठेवला. तीन महिने न उघडलेली खाती आमच्याकडे 'सोडून गेलेले' या यादीत जातात, तसं तेही गेलं. त्या यादीत कारणाचा रकाना आहे. तो यंत्रच भरतं, आणि बहुतेकांपुढं 'अज्ञात' असं येतं. मावशींच्या नावापुढंही तेच आलं. मला ते हातानं बदलता आलं असतं. सोमवार होता, अहवाल द्यायचा होता. मी यादी तशीच पडद्यावर लावली.