चांदणीच्या तंगाचा मुंढा

आधी तक्रार ऐका, बाकीचं नंतर. मागच्या महिन्यात इथं चांदणीचा फोटो टाकला तर खाली हे सल्ले... "घोडी चावकी झाली आजी, विकून टाका." घोडं कुठल्या तोंडानं चारा खातं हे ज्यांना ठाऊक नाही, ते मला शिकवणार!

आता सलाम. रामराम पण.

चांदणी आमची वरातीची घोडी. नेवाशाकडं तिच्यावर बसून मांडवात गेलेले नवरदेव आता पोरं शाळेत सोडतात. बँड, फटाके, कशाचं तिला काही नाही. पण यंदा तंग, म्हणजे खोगीर धरून ठेवणारा पोटाखालचा पट्टा, हातात घेतला की कान मागं आणि दात बाहेर...

माझ्या लेकाच्या, सलीमच्या, दंडाला चावली. "अम्मी, उद्या नवरदेवाला चावली तर? रविवारी बाजारात नेतो," म्हणाला. मीही तिला दोन चापट्या दिल्या. पट्टा टोचू नये म्हणून माझ्या जुन्या लुगड्याची जाड घडी त्याला गुंडाळली होती. अजून किती लाड करायचे?

शनिवारी सून रुबिना गोठ्यात आली, गळ्यात टेप तसाच. ब्लाऊज शिवते ती. लग्न होऊन आली तेव्हापासून घोडीजवळ फिरकली नव्हती, लिदीचा वास येतो म्हणे... मी म्हणाले, "माप घेतीस का? झालर पण लाव तिला."

ती वाकली आणि पुढच्या पायामागं हात घातला. कातडी सोलून लाल झालेली. "अम्मी, हिला मुंढ्यात, काखेत काचतंय. तुमच्या घडीनं तर लईच."

सगळा जन्म घोड्यांत गेला माझा. लुगडं गोळा होऊन तिथंच घासत होतं, आणि मी चापट्या मारत होते...

जखम बघून सलीमनं बाजार पुढं ढकलला. मोडला नाही, ढकलला.

रुबिनानं शिवणाच्या खडूनं छातीखालची सगळ्यात बारीक जागा आखली. सरळ पट्टा कुठंही बांधा, चालताना सरकून तिथंच येणार, आणि तिथं चांदणीचं कोपर आडवं येतं. मग मोबाईलवर दोन दिवस शोधून तिनं आकाराचा तंग निवडला. छातीखाली रुंद, कोपरामागं दोन्हीकडं खोलगट कापलेला... अगदी ब्लाऊजच्या मुंढ्यासारखा. सलीम लांबी अंदाजानं सांगणार होता. हिनं खोगीर चढवून, पोटाखालून त्याच्या दोन्हीकडच्या पट्ट्यांपर्यंत टेप लावून माप घेतलं.

जखम भरेस्तोवर खोगीर बंद ठेवलं. परवा नवा तंग आवळला. रुबिनानं पुढचे पाय एकेक करून पुढं ओढले, कातडी पट्ट्याखाली चिमटू नये म्हणून. चांदणीनं मान वळवली. माझा हात सवयीनं वर गेला... तिनं रुबिनाच्या गळ्यातला टेप हुंगला आणि परत कडब्यात तोंड घातलं.

काल वरातीत दोन तास चालली. तंग काढला तर कातडी साफ, एक केस उलटा नाही. बाजारासाठी आणलेला नवा दोर सलीमनं गुपचूप खुंटीला टांगला.

सुनेचं कौतुक करायची मला सवय नाही, आणि आता लावूनही घेणार नाही. पण चांदणी दात दाखवून मला जे सांगत होती, ते ब्लाऊज शिवणारीला एकदा वाकल्यावर कळलं.

"विकून टाका" लिहिणाऱ्यांनीच आज खाली उत्तर द्यायचं, आणि रुबिनाचं नाव घेऊन द्यायचं. बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही.